बारा फुटी की चौदा फुटी? आधी मागची पाटी मोजा

प्रश्न थोडक्यात असा. माजलगाव धरणाच्या बॅकवॉटरमध्ये एका मच्छीमार सहकारी संस्थेचे मासे पाळायचे पिंजरे आहेत, काठापासून साधारण दीड किलोमीटर आत. रोज खाद्य न्यायचं, मासळी काढून आणायची आणि वेळ आली तर पुरात गावाच्याही उपयोगी पडायचं. आजवर हे काम थर्माकोलच्या तराफ्यावर आणि वल्ह्याच्या होडीवर निभावलं. आता संस्थेच्या सचिवांकडे अ‍ॅल्युमिनियमच्या दोन बोटींची कोटेशनं आहेत. पहिली १२ फूट लांब, ५ फूट रुंद, सपाट तळाची, रिव्हेट मारलेली, १.६ मिलिमीटर पत्र्याची, मागची पाटी १५ इंची, सोबत ९.९ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक ओबीएम, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून अडकवायचं इंजिन. दुसरी १४ फूट लांब, साडेपाच फूट रुंद, व्ही तळाची, वेल्डिंगची, तळाला ३ आणि बाजूंना २ मिलिमीटर पत्रा. सोबत १५ हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक. दुसरीची किंमत जवळजवळ दीडपट. चेअरमन म्हणतात बारा फुटी पुरे, पोरं म्हणतात चौदा फुटी घ्या.

माझं उत्तर: चौदा फुटी घ्या, पण कोटेशनमध्ये आहे तशी घेऊ नका. त्यात दुसऱ्या बोटीच्या मागच्या पाटीची उंचीच लिहिलेली नाही. तुमच्या कामाच्या दृष्टीने ती उंची लांबीपेक्षा आणि हॉर्सपॉवरपेक्षा महत्त्वाची आहे.

ज्या सपाट पाटीवर इंजिन अडकवतात तिला ट्रान्सम म्हणतात. इंजिनाचा पंखा पाण्यात नीट बुडावा म्हणून ती मधोमध कापून खाली घेतलेली असते. म्हणजे अख्ख्या बोटीच्या कडेचा सगळ्यात ठेंगणा भाग तोच, आणि सगळ्यात जास्त वजनही तिथंच: इंजिन, पेट्रोलची टाकी, हँडल धरून बसलेला माणूस. छोट्या बोटीत नाळेकडून, म्हणजे पुढच्या टोकाकडून, पाणी क्वचित भरतं. भरतं ते बहुधा मागून.

आता आकडे मांडून बघू. बारा फुटी बोट स्वतः साधारण ७० किलो, इंजिन ४० च्या आत, पेट्रोल आणि किरकोळ सामान १०, दोन माणसं १४०, खाद्याची पोती २००. झाले ४६० किलो. एवढ्या आकाराचा सपाट तळ दर ३७ किलोमागे साधारण एक सेंटिमीटर पाण्यात जातो, म्हणजे बोट बारा-तेरा सेंटिमीटर बसली. मागे वजन जास्त म्हणून मागची बाजू आणखी सहा-सात सेंटिमीटर खाली. १५ इंची पाटी म्हणजे ३८ सेंटिमीटर. त्यातून २० गेले, उरले १८. वीतभरसुद्धा नाही. अशा वेळी कुणी घाईत एकदम इंजिन बंद केलं, तर बोटीनेच मागे उठवलेली लाट पुढे येते आणि पाटीवरून आत शिरते. त्याला वारंही लागत नाही.

चौदा फुटी बोट १३० किलोच्या घरात, इंजिन ५०, बाकी सगळं तेवढंच धरलं तर साडेपाचशेच्या आसपास. तळ व्ही असल्याने मधला कणा खोल जातो, १७ सेंटिमीटर धरा, अधिक मागचं बसणं. त्या बोटीलाही १५ इंचीच पाटी ठेवली असेल तर वर पंधराच सेंटिमीटर उरतात, म्हणजे बारा फुटीपेक्षाही कमी! दीडपट पैसे देऊन धोका वाढवून घेण्यासारखं आहे हे. तीच पाटी २० इंची, म्हणजे ५१ सेंटिमीटर केली की २८ उरतात. म्हणून कारखानदाराला लेखी कळवा: ट्रान्सम २० इंच हवी, इंजिनही लाँग शाफ्टचं, म्हणजे लांब पायाचं हवं. पाटी २० ची आणि इंजिन शॉर्ट शाफ्टचं आलं तर पंखा वर राहून हवा ओढतो, नुसतं इंजिन ओरडतं आणि बोट हलत नाही. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते ती बोटीच्या तळाच्या रेषेत आली पाहिजे, इंचभर खाली चालेल. शिवाय पाटीच्या आतल्या बाजूला एक आडवा कप्पा आणि त्याला बाहेर पाणी जायला दोन भोकं मागा, म्हणजे पाटीवरून आलेलं पाणी बोटीत न उतरता परत जातं. बनवताना हे काम किरकोळ असतं, नंतर करायला गेलं तर डोकेदुखी.

आता वाऱ्याचं. माजलगावचं पाणी पसरट आणि उथळ आहे, जायकवाडीच्या नाथसागरासारखंच, फक्त लहान. खोल पाण्यात लाट लांब आणि सावकाश येते. उथळ पाण्यात ती आखूड, उभी आणि एकामागून एक येते. पाच-सात किलोमीटर मोकळ्या पाण्यावरून तासभर जोराचं वारं आलं की फूटभर उंचीच्या लाटा सहज उठतात. फूट म्हणजे ३० सेंटिमीटर, आणि वर आपल्याकडे उरलेत १८ किंवा २८. बोट लाटेबरोबर उचलली जाते म्हणून तेवढ्यावर लगेच भरत नाही, पण हातात किती उरलंय ते समजा. सपाट तळ अशा पाण्यात आपटतो, प्रत्येक आपटीला रिव्हेटवर ताण येतो आणि पुढे बसलेल्याची पाठ मोडते. व्ही तळ लाट फोडून जातो. मे महिन्यात दुपारनंतर अवकाळीचं आभाळ उठतं आणि जून-जुलैत पश्चिमेचं वारं दिवसदिवस थांबत नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको. दीड किलोमीटर आत असताना असं वारं उठलं तर परत कोणत्या बोटीतून यायला आवडेल, एवढंच चेअरमनना विचारा.

सपाट तळाच्या बाजूनेही बोललं पाहिजे, कारण ती बोट वाईट नाही. उभं राहून जाळं ओढताना सुरुवातीला ती कमी डुलते, पिंजऱ्याला लावली की जागेवर राहते, चार जण हातांवर उचलून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकू शकतात. गावतळं, पाझर तलाव, डोंगराच्या आडोशाचा लघुप्रकल्प, एकट्या-दुकट्याची मासेमारी: अशा ठिकाणी मी बारा फुटीच सुचवीन आणि उरलेले पैसे जाळ्याला घाला म्हणेन. फक्त एक समज काढून टाका, की सपाट तळाची बोट वीतभर पाण्यातही चालते. बोट चालेल, इंजिन नाही. तळाच्या खाली इंजिनाचा पाय नऊ-दहा इंच असतोच. पाच इंच बसलेली सपाट बोट इंजिनासह सव्वा फूट पाणी मागते; व्ही तळाची सात इंच बसली तर तिला दोनच इंच जास्त लागतात. उन्हाळ्यात पाणी उतरलं की दोघींचंही इंजिन वर उचलून बांबूनेच ढकलायचं आहे.

पाणी उतरल्यावर आणखी एक गोष्ट होते. बुडिताखालची बाभळीची खुंटं, जुन्या विहिरींचे कठडे, पडक्या वाड्यांचे दगड पाण्याच्या पातळीशी येतात. वरून दिसत नाहीत. इथं पत्र्याची जाडी उपयोगी पडते. पत्र्याची वाकायला विरोध करण्याची ताकद जाडीच्या घनाप्रमाणे वाढते, त्यामुळे ३ मिलिमीटरचा तळ १.६ च्या तळापेक्षा दुप्पट नव्हे, साडेसहा पट ताठ असतो. खुंटावर तो खरचटतो, १.६ चा पत्रा आत दबतो आणि दबलेल्या जागेशेजारचे रिव्हेट ढिले होऊन झिरपायला लागतात.

रिव्हेट की वेल्डिंग, यावर लोक तावातावाने भांडतात. माझ्या दृष्टीने प्रश्न दुरुस्ती कुठं होणार हा आहे. ढिला रिव्हेट दोन माणसं हातोडी आणि ठोकळा घेऊन काठावरच पुन्हा बसवू शकतात. वेल्ड तडकली तर आर्गन वेल्डिंग लागतं, आणि तेही अ‍ॅल्युमिनियमवर हात बसलेल्या माणसाचं. गावातल्या ग्रिलवाल्याकडे नेऊ नका, तो भोक मोठं करून देईल. छत्रपती संभाजीनगरला वाळूज भागात अ‍ॅल्युमिनियमचं आर्गन वेल्डिंग रोज करणारी वर्कशॉप आहेत. बोट घेण्याआधी एखाद्याशी बोलून ठेवा, वायर ५३५६ नंबरची वापरतात का ते विचारा. वेल्डिंगची बोट चांगली केली असेल तर वर्षानुवर्षं त्यांच्याकडे जायची वेळ येत नाही. वाईट केली असेल तर पहिल्याच पावसाळ्यात कळतं.

धातूचा दाखला मागायला लाजू नका. बोटीला ५०५२ किंवा ५०८३ नंबरचा पत्रा लागतो. त्यात मॅग्नेशियम असतं, तो पाण्यात टिकतो आणि वेल्डिंगनंतरही त्याची बरीचशी ताकद राहते. भांडी, डबे, पत्र्याची किरकोळ कामं यासाठी मिळणारा ११०० नंबरचा पत्रा दिसायला तसाच चकचकीत असतो, पण त्याची ताकद ५०५२ च्या जेमतेम साठ टक्के. दुसरी काटकसर आतल्या फासळ्यांत होते: खिडक्यांचे सेक्शन कापून वेल्ड करतात. तो ६०६३ नंबरचा धातू वेल्डच्या आजूबाजूला जवळपास निम्मा कमकुवत होतो, आणि फासळी नेमकी वेल्डपाशीच तुटते. पत्र्याच्या कारखान्याचं टेस्ट सर्टिफिकेट कोटेशनला जोडून मागा. जाडी व्हर्नियरने कडेला मोजा. आणि बोट वजनकाट्यावर घाला: एक मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर अ‍ॅल्युमिनियम पत्रा २.७ किलो भरतो, त्यामुळे १४ फुटी बोट शंभर किलोच्या खूप खाली भरली तर ३ मिलिमीटरचा तळ त्यात नाही, हे कुणी कितीही शपथा घेतल्या तरी खरं.

इंजिनाबद्दल पोरांचा आग्रह मी समजू शकतो, पण रोजच्या कामात हॉर्सपॉवर फारशी उपयोगाची नाही. भरलेली बोट पाणी कापत चालते तेव्हा तिचा वेग लांबीवर ठरतो: बारा फुटीचा ताशी आठ किलोमीटरच्या आसपास, चौदा फुटीचा नऊ. त्यापलीकडे जायचं तर बोट पाण्यावर उचलली गेली पाहिजे, आणि त्यासाठी एका हॉर्सपॉवरमागे एकूण वजन वीस-पंचवीस किलोच्या आत हवं. तुमचं भरलेलं वजन साडेपाचशे. १५ हॉर्सपॉवर ते उचलणार नाही, ९.९ तर नाहीच. मूठ पूर्ण पिळली तर नाळ वर, पाटी खाली आणि पेट्रोल पाण्यात. निवांत चालवलं तरी दीड किलोमीटर दहा-अकरा मिनिटांत होतं. परभणीत पेट्रोल राज्यात महाग असल्याच्या बातम्या आपण वाचतो, पण बीडलाही ते काही स्वस्त नाही.

मग १५ कशाला? रिकामं परत येताना आणि वेळप्रसंगी. दोन माणसांसह रिकामी चौदा फुटी बोट साधारण ३३० किलो होते, तेवढी १५ हॉर्सपॉवर उचलते. आभाळ उठलेलं असताना चार मिनिटांत काठ गाठणं आणि दहा मिनिटांत गाठणं यात फरक आहे. त्याबरोबर कमी पिचचा, म्हणजे एका फेरीत कमी अंतर कापणारा पंखा मागा. ओझ्याच्या बोटीला तोच लागतो. भरलेल्या बोटीत इंजिन पुस्तिकेत दिलेल्या फेऱ्यांपर्यंत पोचत नसेल तर पंखा चुकीचा आहे.

टू-स्ट्रोक हलकं, स्वस्त, आणि मोटरसायकलचा मिस्त्रीही कार्बोरेटर खोलू शकतो, हे सगळं खरं. तरी मी फोर-स्ट्रोकच सांगतो. कार्बोरेटरच्या टू-स्ट्रोकमध्ये साधारण पाव हिस्सा इंधन न जळताच ऑइलसकट बाहेर पडतं, तेही थेट पाण्यात. तुमचे मासे त्याच पाण्यात आहेत आणि माजलगाव धरणाचं पाणी बीड शहर पितं. संथ चालीत, म्हणजे तुमच्या रोजच्या कामात, फोर-स्ट्रोक पेट्रोलही बरंच कमी पितं. त्याला दोन पथ्यं: ट्रॉलीत नेताना पुस्तिकेत दाखवलेल्या बाजूलाच आडवं करायचं, नाहीतर ऑइल सिलिंडरमध्ये उतरतं; आणि पेट्रोल साठवून ठेवायचं नाही. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि बरीचशी ओबीएम १० टक्क्यांपर्यंतच्या हिशोबाने बनलेली असतात. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. विक्रेत्याकडून याबद्दल लेखी घ्या, टाकी आणि इंजिनाच्या मध्ये पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवा, आणि आठवडाभर बोट उभी राहणार असेल तर नळी काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे कार्बोरेटर रिकामा होतो.

इंजिन चालू असताना मागून पाण्याची पिचकारी उडते तिच्याकडे डोळा ठेवा. आपल्याकडचा काळा गाळ आणि शेवाळ थंड पाण्याच्या जाळीत बसतं. पिचकारी बारीक झाली की लगेच थांबा. हे पाणी ओढणारा आतला रबरी इंपेलर दरवर्षी बदला. गाळाच्या पाण्यात तो लवकर झिजतो.

आता पूर. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात जे झालं ते सगळ्यांनी पाहिलं, त्यामुळे संस्थेला ही इच्छा व्हावी याचं मला मनापासून कौतुक आहे. म्हणूनच मर्यादा स्पष्ट सांगतो. पुराच्या मुख्य धारेचा वेग सेकंदाला तीन मीटर असेल तर तो ताशी अकरा किलोमीटर होतो. माणसांनी भरलेल्या तुमच्या बोटीचा वेग नऊ. म्हणजे इंजिन पूर्ण चालू असताना बोट उलट्या दिशेने वाहत जाणार. नदीच्या धारेत ही बोट घालायची नाही, दोन्हीपैकी कोणतीही. शेतात, वस्तीवर तुंबलेल्या संथ पाण्यातून माणसं काढायला ती उत्तम आहे, पण तिथं तारेची कुंपणं आणि ऊस पंख्यात अडकतात, आणि विजेच्या तारा डोक्याशी येतात. बोट धातूची आहे. लाईन बंद केल्याची खात्री महावितरणकडून झाल्याशिवाय वस्तीत शिरू नका. पाण्यातल्या माणसाजवळ जाताना इंजिन बंद, शेवटचं अंतर वल्ह्याने. दोरीचा किल स्विच, म्हणजे माणूस पडला की दोरी ओढली जाऊन इंजिन बंद करणारा, चालवणाऱ्याच्या मनगटाला कायम हवा. किती माणसं? अमेरिकेत छोट्या बोटींना वापरतात तो हिशोब सोपा आहे: लांबी गुणिले रुंदी, फुटांत, भागिले १५. बारा फुटीला चार, चौदा फुटीला पाच, तेही अंगाने मध्यम आणि शांत पाण्यात. घाबरलेली माणसं एका बाजूला धावतात, म्हणून पुरात यातूनही एक कमी करा.

आणि फोम. यावर कोटेशनमध्ये एक ओळ नाही, हे मला सगळ्यात जास्त खटकलं. अ‍ॅल्युमिनियम पाण्यापेक्षा २.७ पट जड आहे. पाण्याने भरलेली बोट दगडासारखी तळाला जाते. १३० किलोची बोट पाण्याखाली साधारण ८० किलो भरते, इंजिनाचे ४० धरा. म्हणजे १२० लिटर फोम असेल तेव्हा ती नुसती तरंगेल, आणि चार माणसं कडेला धरून राहायची असतील तर २०० लिटर हवा. वीस लिटरचे दहा बंद कॅन म्हणजे तेवढीच जागा. हा फोम बाकांखाली आणि बाजूंना वरच्या अंगाला बसवायला सांगा. सगळा तळाशी घातला तर पाणी भरल्यावर बोट उलटते. थर्माकोल नको, कारण पेट्रोल सांडलं की तो विरघळतो. बंद पेशींचा पॉलिइथिलीन फोम मागा. तराफ्यावर आजवर काही झालं नाही म्हणून लाईफ जॅकेट नको म्हणणारे प्रत्येक संस्थेत असतात. गंगापूर तालुक्यातल्या भिवधानोऱ्याच्या मुलांचा शाळेसाठीचा तराफ्यावरचा प्रवास २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून विचारात घेतला होता. माणशी एक जॅकेट, अंगात घातलेलं, बाकाखाली कोंबलेलं नव्हे.

देखभालीचं थोडक्यात. गोड्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियम छान टिकतं, फक्त ओली गोणपाटं, ओला गाळ किंवा ओलं लाकूड त्याला महिनोन्‌महिने चिकटून ठेवू नका. त्याखाली बारीक खड्डे पडतात. तांब्या-पितळेचं काहीही बोल्टने लावू नका. ओलं सिमेंट किंवा चुना त्यातून नेऊ नका. इंजिनाचा अ‍ॅनोड (इंजिनाऐवजी स्वतः गंजणारा धातूचा तुकडा) मॅग्नेशियमचा बसवा, जस्ताचा समुद्रासाठी असतो.

कागदपत्रं: इनलँड व्हेसल्स कायदा २०२१ खाली इंजिनाच्या बोटीची नोंदणी लागते, महाराष्ट्रात त्यासाठी मेरीटाइम बोर्डाकडे जावं लागतं, जलाशयात बोट घालण्यासाठी पाटबंधारे खात्याची परवानगी वेगळी. मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयात अनुदानाची चौकशी खरेदीच्या आधी करा, पावती फाडल्यावर नको. पैठण-गंगापूरकडचे कुणी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी: नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, तिथं आधी वनखात्याला विचारा.

पैसे कमी पडत असतील तर बोट चौदा फुटीच ठेवा आणि इंजिन ९.९ फोर-स्ट्रोक लाँग शाफ्टचं घ्या. पाटी बरोबर असली की पुढे इंजिन बदलता येतं.

शेवटचा हप्ता मात्र चाचणीनंतरच द्या. कमरेएवढ्या पाण्यात, काठाजवळ, बोटीला इंजिन लावून आत वाळूची २०० किलो पोती आणि दोन माणसं बसवा, पट्टीने पाटीची उरलेली उंची मोजा. २५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरली तर बोट परत. मग इंजिन आणि पोती काढा, इंजिनाच्या जागी पाटीला तेवढ्याच वजनाची पोती बांधा, बादलीने बोट काठोकाठ भरा आणि चौघांनी कडेला लोंबकळून बघा. सरळ तरंगत राहिली, तर चेक लिहा.